वरची खोली कोणाची?

अक्का, नमस्कार.

माझं वय ४३. विजापूर रोडला आमचं घर आहे. घरात सासूबाई, आम्ही दोघं, थोरली मुलगी आणि सातवीतला मुलगा. दर वर्षी नाताळच्या सुट्टीत पुण्याचे दीर-जाऊ आणि मुंबईची नणंद आपापल्या कुटुंबासह आमच्याकडे येतात. २४ला रात्री येतात ते १ तारखेला जातात. मला माणसांची हौस आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जाऊबाई आठ दिवसांत एक कप विसळत नाहीत. मंगळवेढ्याजवळ आमचं शेत आहे. तिथं हुरड्याला गेलो की त्या आगटीजवळ बसून फोटो काढतात आणि मी चटण्या, दही, गूळ, रेवड्या वाढत फिरते. गेल्या वर्षी जाताना त्यांनी शेंगा चटणीची अख्खी बरणी न विचारता बॅगेत घातली. सासूबाई तरी त्यांनाच म्हणणार, "किती वाळलीस गं." हे मध्ये पडत नाहीत.

यंदाची झोपायची व्यवस्था अशी ठरली आहे. दीर-जाऊ आमच्या खोलीत, नणंदेचं कुटुंब हॉलशेजारच्या खोलीत आणि वरची खोली पुतण्याला, कारण त्याची दहावी आहे, त्याला शांतता लागते असा जाऊबाईंचा फोन आला होता. (आमच्या थोरलीचीही दहावीच आहे, सहामाहीत गणितात जरा कमी पडले. पण ती समजूतदार आहे, खोली दिली तरी कुरकुर करत नाही. डायनिंग टेबलावर बसते आणि भाकऱ्यांना माझ्या हाताखाली असते, म्हणून तर निभतं.) तर जाऊबाईंना न दुखवता कसं सांगू, की थोडा हात लावा?

– एक सून, सोलापूर

*

बाई, तुझं पत्र चार पानी आहे, इथं छापताना बरंच कापलं. जाऊबाई पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत आहेत. चटणीच्या बरणीला तू अर्धं पान दिलंस. थोरलीच्या वाट्याला एक कंस आला, तोही गाद्या कुठं घालायच्या याचा हिशोब सांगताना. मी त्या कंसातच अडकले आणि अजून बाहेर आलेली नाही.

तुझ्या घरात यंदा दहावीची दोन मुलं असणार आहेत. एकाला दार लावून घ्यायला खोली आहे. दुसरीला डायनिंग टेबल आहे, ज्यावर तेरा माणसं दिवसातून चार वेळा येऊन बसणार, चहाचे कप ठेवणार, पत्ते खेळणार. आणि ती खोली मुळात तिचीच ना? "खोली दिली तरी" असं तूच लिहिलंयस. म्हणजे तिनं दिली. तिला विचारलं होतंस का, की गाद्या हलवताना तिला कळलं?

जाऊबाईंबद्दल तुला माझ्याकडून चार शब्द ऐकायचे असतील. ऐक. कप न विसळणं वाईटच. चटणी न विचारता नेणं त्याहून वाईट, पण नेऊ दे, शेंगदाणे आणि लसूण सोलापुरात संपलेले नाहीत. मात्र त्या बाईनं एक काम चोख केलंय. मुलाची दहावी आहे, त्याला शांतता लागेल, हे तिनं आधी फोन करून सांगितलं. दुसऱ्याच्या घरी जातोय, तिथं कशी मागायची खोली, असा संकोच तिला वाटला नाही. तुझ्या मुलीसाठी हा फोन कोणी करायचा होता? तू तिची आई, स्वतःच्या घरात, स्वतःच्या सासूसमोर तेवढं बोलली नाहीस. आणि मला विचारतेस, जाऊबाईंना कसं सांगू.

म्हणून तुझी कीव करायला मी बसलेली नाही. तू दमतेस, मला मान्य. पण त्या दमण्यातला अर्धा भाग तू गुपचूप पंधरा वर्षांच्या पोरीच्या अंगावर टाकलायस आणि वर तिला समजूतदारपणाचं सर्टिफिकेट दिलंयस. त्या वयाची मुलगी अजिबात कुरकुर करत नाही हे तू कौतुकानं लिहिलंस. मला ते वाचून धास्ती वाटली. कुरकुर करून उपयोग नाही, हे तिला या घरात कधी कळलं असेल?

हिशोब करू. तेरा माणसं, माणशी दोन धरल्या तरी एका वेळेला सव्वीस भाकऱ्या. तू थापणार, ती भाजणार. पीठ मळण्यापासून शेवटची भाकरी टोपलीत पडेपर्यंत सव्वा तास कुठं गेला नाही. दोन वेळचे अडीच तास. आठ दिवसांचे वीस तास. यात चहा नाही, भांडी नाहीत, शेंगा भाजून कुटणं नाही, "जरा खाली ये गं, आत्याला पाणी दे" नाही. गणिताच्या भाग दोनमध्ये, म्हणजे भूमितीत, सात प्रकरणं आहेत. समरूपता, पायथागोरस, वर्तुळ, रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. वीस तासांत सातही प्रकरणं एकदा नीट हातून जातात. सहामाहीत कमी पडले म्हणतेस ना? ती भूमिती तव्यावर चाललीय.

आणि वेळ किती राहिलाय ते बघ. आपल्या वेळी दहावी मार्चमध्ये असायची. २०२५ पासून बोर्डानं ती फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आणून ठेवलीय. पाहुणे १ तारखेला गेले की घर पूर्ववत व्हायला दोन दिवस. मग लगेच भोगी, बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकऱ्या, संक्रांत, शेंगाच्या पोळ्यांचे डबे. सिद्धरामेश्वरांची यात्रा म्हटली की तैलाभिषेक, अक्षता, होम, दारूकाम असे सगळे दिवस कोणी ना कोणी दारात उभं असणार. अक्षतेच्या दिवशी नंदीध्वज बघायला गावाकडून आलेली माणसं उपाशी पाठवायची रीत आपल्याकडे नाही, ते मला माहीत आहे. होम मैदानावरची गड्ड्याची जत्रा तर त्यानंतरही चालूच असते. याच दिवसांत तिची प्रिलिम. म्हणजे सलग अभ्यासाचे दिवस असले तर ते डिसेंबरअखेरचेच आहेत आणि ते तू हुतात्मा एक्स्प्रेसनं येणाऱ्या मंडळींना देऊन टाकलेस.

सोलापूरच्या पूर्व भागातली विडी कामगारांची घरं मी जवळून बघितली आहेत. विड्या वळणाऱ्या आईच्या शेजारी शाळेतून आलेली मुलगी बसायची, दप्तर बाजूला टाकून, पानं कापायला नाहीतर दोरा गुंडाळायला. हजाराचा कोटा पुरा झाला नाही तर मजुरी कमी. त्या आयांना मी कधी नावं ठेवली नाहीत, त्यांना दुसरा इलाज नव्हता. त्यातल्या कितीतरी जणींनी तशातही मुलींना चाळीच्या जिन्यात अभ्यासाला बसवलं. तुझ्याकडे स्वतःचं घर आहे, शेत आहे, वर खोली आहे. तुझी पोरगी पोटासाठी राबत नाहीये. ती पाहुण्यांपुढं घराची शोभा राहावी म्हणून राबतेय.

"मीही आईच्या हाताखाली अशीच शिकले," असं तुझ्या तिसऱ्या पानावर आहे. शिकलीस, चांगलंच आहे. पण त्याच पानावर बारावीनंतर तुझं राहून गेलं असंही आहे. दोन्ही वाक्यं तू शेजारी शेजारी लिहिलीस आणि पुढं नणंदेच्या साड्यांवर गेलीस. जरा परत जाऊन वाच.

आता काय करायचं ते सांगते. एकच गोष्ट आहे.

हा अंक हातात आला की त्याच दिवशी दिरांना फोन कर. जाऊबाईंना नको, सासूबाईंच्या मार्फत नको, आणि "हे बोलतील" म्हणून वाट बघणं तर अजिबात नको. म्हण, "भावजी, यंदा वरची खोली थोरलीची आहे. तिची दहावी आहे. मुलासाठी तिथंच दुसरं टेबल लावते, दोघं दिवसभर वर बसून अभ्यास करतील. झोपायला तो खाली भावंडांत." एवढं बोलून तब्येतीची चौकशी कर आणि फोन ठेव. कारणं देत बसू नकोस. माफी मागू नकोस. "तुम्हाला राग तर नाही ना येणार" हे वाक्य तुझ्या तोंडात तयार असेल, ते गिळ. दीर काही बोलणार नाहीत. त्यांच्या मुलाला सोबत मिळतेय, आणि दुसऱ्याच्या दहावीला नाही म्हणायला तोंड कुठलं?

मग थोरलीला बोलाव आणि सांग, की २४पासून १पर्यंत तू स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाहीस, ताट वर येईल. ती म्हणेल, "आई, तुला एकटीला कसं होणार?" त्यावर "होईल" एवढंच. तिच्यासमोर उसासा टाकू नकोस. उसासा टाकलास की ती पुस्तक मिटून खाली येईल, तशीच वाढवलीयस तिला.

भाकऱ्यांचं काय? अगं, सोलापुरात राहून भाकरीची चिंता करतेस! ऑर्डरप्रमाणे गरम भाकऱ्या करून देणाऱ्या बायका आता जवळजवळ प्रत्येक भागात आहेत. कडक भाकरी आणून ठेव, पुणेकर आणि मुंबईकर ती आमटीत चुरून आनंदानं खातात आणि जाताना विकतही घेऊन जातात. शेंगा चटणी किलोवर मिळते. सासूबाई म्हणतील, "घरात सून असताना विकतची भाकरी?" म्हणू दे. "वर काय करलालीय पोरगी एवढा वेळ?" असंही विचारतील. "अभ्यास" म्हणायचं आणि पुढचं काम करायचं. त्यांना पटवून द्यायच्या भानगडीत पडलीस तर त्यातच नवं वर्ष उजाडेल. लोक काय म्हणतील याची लाज कोणाला तरी सोसावी लागणार आहे, तर यंदा ती तू सोस, पोरीला नको.

सातवीतल्या चिरंजीवांना ताटं मांडता येतात, पाणी भरता येतं. गच्चीवरून खाली यायला त्याला दोन मिनिटं लागतात. आणि "हे मध्ये पडत नाहीत" त्यांना मध्ये पडायची गरजच नाही, बाजूला बसून लसूण सोलायला सांग.

तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं म्हणशील. जाऊबाईंना काहीही सांगू नकोस. तुला अजून लक्षात आलेलं नाही, पण इतकी वर्षं त्यांना उठायची गरज पडली नाही, कारण तुझ्या मागं दोन जास्तीचे हात बिनबोभाट चालत होते. ते हात वर गेले की स्वयंपाकघर उघडं पडेल. मग त्या उठतील किंवा नाही उठणार. नाही उठल्या तर रात्री पिठलं-भात कर आणि वाढून मोकळी हो. कोणी सोलापूरला पंचपक्वान्नासाठी येत नाही.

हुरड्याला मात्र थोरलीला नक्की ने. तो एक दिवस तिला हवाच. पण तिथं तिच्या हातात चटणीचा वाडगा देऊन उभी करू नकोस. इतर मुलांसारखी आगटीच्या कडेला बसू दे, गरम कणसं तळहातावर चोळून, फुंकर मारून दाणे खाऊ दे, ऊस खाऊ दे, भावंडांशी भांडू दे. वाढायला तुझ्या जावेला फोटो काढून झाल्यावर वेळ मिळेल. नाही मिळाला तर ज्याला हवं ते तो उठून घेईल, हुरड्याला पंगत नसते.

फोन आजच कर. नंतर म्हणशील की सगळे येऊन पोचले, आता कसं बोलू, आणि मग पुढच्या वर्षी मला धाकट्याच्या आठवीबद्दल चार पानं लिहिशील. सासूबाई काय म्हणाल्या, जाऊबाईंनी तोंड वाकडं केलं का, यातलं काही मला कळवू नकोस. प्रिलिमला भूमितीत किती पडले ते कळव. आणि ते पत्र तिला लिहू दे.