कॅमेऱ्यासाठीचे पैसे पॉलिसीत अडकले आहेत

अमळनेरचे एक वाचक लग्नसमारंभांचे फोटोग्राफर आहेत. वय ३३, घरात पत्नी, लहान मुलगी आणि आईवडील. तुळशीच्या लग्नाआधी अडीच लाखांचा मिररलेस कॅमेरा घ्यावा, की ‘स्टॅक्ड’ सेन्सरच्या ज्या नव्या मॉडेलची हवा आहे त्यासाठी दोन वर्षे थांबावे, असे ते विचारतात. थांबण्याचे कारण ओघात आले आहे: ‘बँकेत दरवर्षी ६० हजारांची एफडी करतो, तीन हप्ते झाले, पाच वर्षांनी दुप्पट मिळणार आहेत.’

एफडीला हप्ते नसतात. तुम्ही पाठवलेल्या कागदाच्या पहिल्याच पानावर हप्त्यांची मुदत १२ वर्षे, पॉलिसीची मुदत १५ वर्षे, विमा रक्कम ६ लाख आणि अखेरीस मिळणारी हमी रक्कम साडेदहा लाख असे स्वच्छ छापले आहे. ही बँकेच्या काउंटरवर विकलेली विमा पॉलिसी आहे. वर्षाला ६० हजार भरून पाच वर्षांत तीनाचे सहा लाख व्हायचे, तर परतावा सुमारे २४ टक्के हवा. इथे तो जेमतेम ४ टक्के पडतो. दोन वर्षांनी ही पॉलिसी मोडली, तरी हमी फक्त भरलेल्या रकमेच्या निम्म्याची, म्हणजे दीड लाखाची आहे. आज मोडल्यास १.८० लाखांचे किमान ३५ टक्के, म्हणजे ६३ हजार मिळतील. विशेष समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी मोडल्यावर कंपनी प्रत्यक्षात देते ती रक्कम, यापेक्षा जास्त असू शकते, म्हणून तो आकडा आणि हप्ते थांबवून पॉलिसी ‘पेड-अप’ केल्यास मुदतीअखेर मिळणारी रक्कम, दोन्ही कंपनीकडून लेखी मागवा. पॉलिसी विनाअट परत करण्याची ३० दिवसांची मुदत केव्हाच उलटली आहे. फसवणुकीची लेखी तक्रार जरूर करा, पण ‘दुप्पट’ हा शब्द तोंडी असल्यामुळे तिच्यावर फार विसंबू नका.

मला अधिक अस्वस्थ करते ते हे, की पाच माणसांचे घर तुमच्या एकट्याच्या कमाईवर चालते आणि संरक्षण सहा लाखांचे आहे. आधी किमान ५० लाखांचा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) घ्या. धूम्रपान नसेल तर त्याचा हप्ता वर्षाला दहा हजारांच्या आसपास बसेल. तो विमा हाती आल्यावरच जुन्या पॉलिसीचा चौथा हप्ता थांबवा.

आता कॅमेरा. ‘स्टॅक्ड’ सेन्सरवरचे चित्र जलद वाचले जाते, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये, म्हणजे पडदा न हलवता काढलेल्या फोटोत, हालत्या वस्तू कमी वाकतात आणि एलईडी दिव्यांचे पट्टेही कमी येतात, हे खरे आहे. पण हळदीच्या मंडपात तुम्ही पडद्याचे मेकॅनिकल शटर वापरता, असे तुम्हीच लिहिले आहे. अंशतः स्टॅक्ड सेन्सर निकॉनच्या झेड ६ थ्रीमध्ये २०२४ पासून आहे, तेव्हा तो काही भविष्यातला चमत्कार नव्हे. १२ बाय ३६ च्या अल्बमला तुमचे सध्याचे २४ मेगापिक्सेल पुरतात. ज्या मॉडेलची किंमतही जाहीर झालेली नाही, त्याच्या भरवशावर अंदाजपत्रक आखता येत नाही. या लगीनसराईत जुन्याच कॅमेऱ्यावर काम करा, दुसरी बॉडी लागेल त्या दिवशी ती जळगावहून भाड्याने आणा, आणि वाचलेल्या हप्त्याचे पैसे वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका.