कॅसेट आधी, टीव्ही मागून

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, म्हणून कामापुरतं सांगतो.

मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. पेन्शन ४६ हजार, सासूबाईंच्या औषधांसकट घरखर्च ३४ हजार. बचत खात्यात ५५ हजार आणि ३ लाखांची एक एफडी. तिघांचेही फोन नातवाच्या व्हिडिओंनी भरलेत, रोज ‘स्टोरेज फुल’ येतं. कपाटात अकरा कॅसेट आहेत. पाच जुन्या व्हीएचएस, म्हणजे १९९३च्या लग्नाच्या तीन, मुलीच्या बारशाची एक आणि सासऱ्यांच्या एकसष्टीची एक. बाकी सहा छोट्या, सरांनी २००५ मध्ये घेतलेल्या हँडीकॅमच्या. सासूबाई ८४ वर्षांच्या, त्यांना फोनवर काही दिसत नाही. दिवाळीला मुलगी नातवाला घेऊन बंगळुरूहून येणार आहे, तेव्हा सगळं मोठ्या पडद्यावर दिसावं अशी इच्छा.

एमजी रोडवरच्या दुकानदाराने पूर्ण पॅकेज काढून दिलं: ५५ इंची फोर-के स्मार्ट टीव्ही ६२ हजार, साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) १४ हजार, सगळ्या फोनमधलं वायफायवरून आपोआप ओढून घेणारा दोन हार्ड डिस्कचा डबा ३८ हजार, आणि घरभर रेंज देणारा मेश राउटर ११ हजार. एकूण १ लाख २५ हजार. क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांचा ‘नो कॉस्ट’ हप्ता, १०,४१७ रुपये. रोख दिले तर १ लाख १७,५००. ‘दसऱ्याच्या आत घ्या, सिंहस्थात भाव वाढतील,’ हेही वर. ताईंचा प्रश्न एवढाच, की हप्ता घेऊ की एफडी मोडू?

ताई, दोन्ही नको.

हप्त्याचं आधी बघू, कारण तुम्ही लिहिलंय ‘व्याज तर नाहीच ना’. रोख देणाऱ्याला तीच वस्तू साडेसात हजारांनी स्वस्त मिळत असेल, तर ते साडेसात हजार म्हणजेच व्याज. १ लाख १७,५०० उसने घेऊन महिन्याला १०,४१७ फेडायचे, याचा हिशेब वर्षाला साडेअकरा टक्क्यांच्या वर जातो. शिवाय कार्डावरच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी, या बिलात वेगळ्या ओळीत येतात. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना लिहून कळवलं होतं. दुकानांच्या पाट्यांवरचे शब्द फक्त बदलले.

पण तुमच्या बाबतीत मला व्याजापेक्षा महिन्याची शिल्लक जास्त घाबरवते. ४६ हजारांतून ३४ गेले की १२ हजार उरतात. त्यातून हप्ता गेला की हातात १,५८३. नोव्हेंबरात आरोग्य विम्याचा हप्ता ४१,३०० आहे, तो बचत खात्यातून जाणार, म्हणजे तिथे १४ हजारसुद्धा राहात नाहीत. आणि त्या पॉलिसीत सासूबाईंचं नाव नाही. त्यांना चार दिवस दवाखान्यात ठेवायची वेळ आली, की एक तर एफडी मोडणार किंवा कार्डाचं बिल पुढे ढकललं जाणार. कार्डाची थकबाकी वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास पडते. माझ्याकडे कर्जात अडकून आलेल्या बऱ्याच घरांची सुरुवात अशाच एखाद्या सोप्या हप्त्याने झालेली असते.

म्हणूनच ती एफडीही टीव्हीसाठी मोडायची नाही. कागदावर ती एफडी असली तरी ते सासूबाईंच्या दवाखान्याचे पैसे आहेत. मुदतीआधी मोडली की बँक बहुतेक वेळा जितके दिवस ठेव राहिली तितक्या दिवसांचा कमी दर लावते, वर दंड कापते, तो भाग वेगळाच.

सिंहस्थाचं म्हणाल तर ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला आहे. त्या काळात रूमचे, रिक्षाचे भाव वाढतील हे कुठलाही नाशिककर सांगेल. टीव्हीच्या भावाचा आणि रामकुंडाच्या गर्दीचा काय संबंध? उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. दुकानदाराला जरूर विचारा, की तुमच्या कोटेशनमध्ये टक्के किती धरलेत.

त्याच तारखेची दुसरी गोष्ट तुमच्या जास्त कामाची आहे. वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी त्या दिवसापासून शून्य झाला. तुमचे ४१,३०० म्हणजे बरोबर ३५ हजार अधिक १८ टक्के, म्हणजे आकडा जुन्या पावतीवरचा दिसतोय. कंपनीने मूळ हप्ता वाढवला नसेल तर या वेळी ३५ हजारच भरायचे. वयाचा टप्पा बदलला असेल तर थोडं वाढेल, तरी नूतनीकरणाची नोटीस आली की आधी ती ओळ बघा. ६,३०० रुपये वाचले तर त्यांचं काय करायचं ते पुढे सांगतो.

आता सामानाकडे. तुमचा सध्याचा टीव्ही ४३ इंची, फुल एचडी, २०१८चा, चित्र छान येतं, मागे दोन एचडीएमआयची भोकं आहेत, हे सगळं तुम्हीच लिहिलंय. मग तो का बदलायचा? एक, स्मार्ट नाही. दोन, सासूबाईंना नीट दिसत नाही.

स्मार्टपणा चार-पाच हजारांच्या स्टिकमध्ये मिळतो. गुगल टीव्ही असलेली स्टिक एचडीएमआयला लावायची, घरच्या वायफायला जोडायची. मग फोनवर गुगल फोटोज उघडून कास्टचं चिन्ह दाबलं की व्हिडिओ टीव्हीवर. मुलीकडे आयफोन आहे म्हणता, तिच्याही फोनवर त्याच अॅपमधून हे होतं. पेन ड्राइव्ह लावून बघितला तर ‘फॉरमॅट नॉट सपोर्टेड’ आलं असं लिहिलंय, त्याचं कारण टीव्हीचा बिघाड नाही. आयफोन २०१७ पासून एचईव्हीसी नावाच्या पद्धतीने व्हिडिओ दाबून साठवतो, ती भाषा जुन्या टीव्हीला येत नाही. स्टिकला येते.

दिसण्याचं म्हणाल तर सासूबाईंची खुर्ची पडद्यापासून दहा फुटांवर आहे. ती सहा फुटांवर आणा. सहा फुटांवरचा ४३ इंची पडदा दहा फुटांवरच्या जवळपास ७२ इंची पडद्याएवढा भासतो. फुकट. आणि मोतीबिंदू तपासून किती दिवस झाले तेही बघा. चष्म्याचा नंबर चुकलेला असेल तर ५५ इंचही धूसरच दिसणार.

त्यातून कॅसेटमधलं चित्र मुळातच लहान. संगणकावर उतरवल्यावर ते ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं होतं, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार. फोर-के पडद्यावर ठिपके असतात ८३ लाखांच्या घरात. म्हणजे तुमच्या लग्नातल्या एकेका ठिपक्याचे टीव्ही वीस करणार, आणि मुंडावळ्यांमागचा चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा दिसणार. जुन्या व्हिडिओला जुना टीव्हीच जास्त शोभतो, हे दुकानदार सांगणार नाही.

डब्याबद्दल. दोन चार-चार टीबीच्या डिस्क (एक टीबी म्हणजे हजार जीबी), एकीची नक्कल दुसरीवर. तुमचे तिन्ही फोन मिळून १९० जीबी. छोट्या सहा कॅसेटचे तासाला १३ जीबी धरले तर ७८. व्हीएचएस धरूनही सगळं चारशे जीबीत बसेल. चौघांच्या वरणभातासाठी मंगल कार्यालयातलं पातेलं आणण्यातली गत. तो डबा चोवीस तास चालू, २० वॅट धरले तरी वर्षाला १७५ युनिट, युनिटला १० रुपयांनी पावणेदोन हजारांचं बिल. आणि डबा एकाच घरात, एकाच प्लगवर. चोरी झाली किंवा विजेचा दणका बसला तर दोन्ही डिस्क एकदम जातात.

इथे एक गैरसमज काढतो, कारण पत्रात तुम्ही ‘सिंक केलं की सुरक्षित’ असं लिहिलंय. सिंक म्हणजे ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’चं जॉइंट खातं. एकाने पैसे काढले की दुसऱ्याची शिल्लकही तेवढीच उतरते. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला व्हिडिओ फोनवरून डिलीट केला तर तो सगळीकडून जातो, ६० दिवस कचरापेटीत राहतो आणि मग कायमचा. फोन मोकळा करायला ‘फ्री अप स्पेस’ हाच पर्याय वापरायचा, तो फक्त फोनमधली प्रत काढतो. हे सरांना स्वतः करून दाखवा. त्यांनी एका रविवारी ‘साफसफाई’ केली असं तुम्ही लिहिलंय तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

गुगलच्या फुकट १५ जीबीत तुमचं भागणार नाही, अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१लाच बंद झाली. २०० जीबीला वर्षाला २,१०० च्या आसपास धरा. ती जागा घरातले सगळे वाटून वापरू शकतात, तिघांनी तीन घेऊ नका. मोठ्या फाइलींसाठी १ टीबीच्या दोन पोर्टेबल डिस्क घ्या, दोन्ही मिळून साडेअकरा हजार धरतो. दोन्हींवर तेच भरायचं, एक तुमच्या कपाटात आणि एक दिवाळीनंतर मुलीबरोबर बंगळुरूला. मुलीचा जुना लॅपटॉप पडून आहे ना? त्यात एक फोल्डर शेअर करून ठेवला, तर स्टिकवरच्या फुकटच्या व्हीएलसी अॅपमधून तो घरच्या वायफायवर उघडतो आणि लग्नाची तीन तासांची फाइल सरळ टीव्हीवर चालते. त्यात इंटरनेटही लागत नाही. नाही तरी एवढी मोठी फाइल पेन ड्राइव्हवर बहुधा बसणार नाही, जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही.

मेश राउटर दोन खोल्यांच्या फ्लॅटला कशाला? राउटर आतल्या खोलीत आहे, तो हॉलमध्ये आणा. साध्या फुल एचडी व्हिडिओला ८-१० एमबीपीएसचा वेग पुरतो, फोर-के असेल तर २३च्या आसपास. राउटरच्या वायफायची दोन नावं दिसतात, त्यांतलं ‘फाइव्ह जी’ लिहिलेलं (मोबाइलचं फाइव्ह जी नव्हे) स्टिकला लावा. ते वेगवान असतं पण भिंती ओलांडताना दमतं, म्हणूनच राउटर जवळ हवा. वायर आणि जोडणीचे चारशे.

साउंडबारला मात्र मी पूर्ण नाही म्हणत नाही. पातळ टीव्हीचा आवाज फुसका असतो आणि सासूबाईंना कमी ऐकू येतं. पण चौदा हजारांचा नको. आधी दिवाळीत ऐकून बघा, लागला तर साधा घ्या.

राहिल्या कॅसेट. त्या तुम्ही पत्राच्या शेवटी, ‘जमलं तर’ म्हणून लिहिल्यात. मी त्या सगळ्यात वर घेतो. टीव्ही दोन वर्षांनी घेतला तर बहुधा आजच्यापेक्षा बरा आणि स्वस्त मिळेल. कॅसेट दर पावसाळ्याला खराबच होत जाणार. फितीवर बुरशी धरते, चुंबकीय थर सुटायला लागतो. आणि वाजवायचं कशावर? व्हीएचएसचे प्लेअर बनवणारी शेवटची जपानी कंपनी २०१६ मध्ये थांबली. सरांचा हँडीकॅम चालू होत नाही असं तुम्हीच लिहिलंय. चालू मशिन असलेले स्टुडिओ आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. पंचवटीतल्या आमच्या वाड्याच्या माळ्यावरून मी २०१९ मध्ये माझ्या मुंजीची कॅसेट काढली, तेव्हा फितीवर पांढरी पावडर होती. स्टुडिओवाल्याने मशिनमध्ये घालायला नकार दिला, आणि त्याचं बरोबर होतं. माझ्या आजीचा आवाज तेवढ्या एकाच ठिकाणी होता.

तुम्हाला कॉलेज रोडवर कॅसेटमागे ४५० सांगितलेत. अकराचे ४,९५०. विम्यात वाचलेच ६,३००, तर हे त्यातून.

सगळं मिळून कॅसेटचे ४,९५०, स्टिक ५,०००, डिस्क ११,५००, साठवणीची वर्गणी २,१०० आणि वायरीचे ४००. होतात २३,९५०. तुमची दोन महिन्यांची शिल्लक २४ हजार. कार्ड नको, एफडीला हात नको.

आणि समजा सर म्हणाले, की तीस वर्षं खेड्यापाड्यात नोकरी केली, आता मला मोठा टीव्ही हवा, तर ते कारण मला मान्य आहे. मग जानेवारीपासून महिन्याला १० हजार बाजूला टाका आणि पुढच्या पावसाळ्यात फक्त टीव्ही घ्या, रोख, घासाघीस करून. तुमचा जुना टीव्ही बदल्यात तीन हजारांना देऊ नका, तो सासूबाईंच्या खोलीत लावा.

स्टुडिओत जाताना प्रत्येक कॅसेटच्या कडेचा छोटा प्लॅस्टिकचा तुकडा बघा. व्हीएचएसला तो असेल तर मोडून टाका, छोट्या कॅसेटला सरकवायचं बटण असतं, ते ‘सेव्ह’कडे करा. म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. डीव्हीडी करून घेऊ नका, एमपी-फोर फाइल मागा, आणि छोट्या कॅसेटच्या मूळ फाइलीही डिस्कवर मागा. कॅसेट परत आणायच्या. आधी एकच द्या, घरी आणून बघा, आवाज जुळतोय का ऐका, मग बाकीच्या दहा. ती पहिली लग्नाची नको. सासऱ्यांच्या एकसष्टीची द्या, त्यांचा आवाज तेवढ्याच कॅसेटमध्ये आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी तीच वाचवायची. बुरशी दिसली तर स्टुडिओवाल्याला आधी सांगा, आणि घरात कुठल्याही मशिनमध्ये ती घालून बघू नका.