‘अलिखित हक्क’ की ‘अध्याहृत हक्क’?

पाचपाखाडीतील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या गृहसंस्थेच्या सभेत दारासमोरच्या कॅमेऱ्यावरून वाद झाला, तेव्हा एक सभासद म्हणाले, ‘खासगीपणा हा शब्द मूलभूत हक्कांच्या यादीत नाही, म्हणजे तो हक्कच नाही.’ न लिहिलेले हक्क असतात का, आणि असल्यास त्यांना ‘अलिखित हक्क’ म्हणावे का?

शब्द त्या यादीत नाही, एवढे सभासदांचे म्हणणे खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. 1954 व 1962 च्या निकालांचा आधार घेऊन सरकार असेच म्हणत असे, परंतु 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की, अनुच्छेद 21 मधील जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्यातच खासगीपणा अंतर्भूत आहे. त्याच अनुच्छेदातून 1985 मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क निघाला होता (त्यांना हटवण्यास पूर्ण मनाई झाली नव्हती, हे सहसा सांगितले जात नाही). वृत्तपत्रस्वातंत्र्याचाही घटनेत वेगळा उल्लेख नाही. ते भाषण व अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात सामावलेले आहे.

अशा हक्कांना ‘अलिखित’ म्हटले, की ते घटनेबाहेरून, रूढीने आल्यासारखे वाटतात. आपल्या व्याकरणात याहून नेमका शब्द आहे: अध्याहृत. ‘तलावपाळीला चाललोय’ या वाक्यात ‘मी’ कोठेही नाही, तरी ऐकणाऱ्याला कर्ता कोण याची शंका येत नाही, कारण क्रियापदच तो सांगते. न्यायालयाने अनुच्छेद 21 वाचला तो जवळजवळ याच रीतीने. फरक इतकाच की, व्याकरणातला कर्ता निर्विवाद असतो आणि हक्काच्या बाबतीत वाद अनेक दशके चालतो. कधीकधी अध्याहृत पद पुढे छापलेही जाते: शिक्षणाचा हक्क न्यायालयाने आधी मान्य केला आणि 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने तो अनुच्छेद 21क म्हणून दाखल झाला.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे. 1791 च्या नवव्या घटनादुरुस्तीत म्हटले आहे की, काही हक्कांची गणना केली म्हणून लोकांकडे असलेले इतर हक्क नाकारले गेले असे समजू नये. तेथे ‘अपरिगणित’ हा शब्द शोभेल. ‘अगणित’ मात्र नको, कारण त्याचा अर्थ असंख्य असा होतो.

आता कॅमेऱ्याविषयी. मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असतात, त्यामुळे शेजाऱ्याशी झालेला तंटा केवळ 2017 च्या निकालाने मिटणार नाही. तरीही सभेच्या इतिवृत्तात ‘असा हक्क अस्तित्वात नाही’ असे लिहिले गेले असेल, तर ते वाक्य पुढच्या सभेत दुरुस्त करून घ्यावे.