कडक गोठलेला डबा म्हणजे चांगला डबा नव्हे

तुमची पोस्ट दोनदा वाचली. यवतमाळहून नोकरीसाठी नागपूरला आलात, त्रिमूर्ती नगरला खोली घेतली, रविवारी आठवड्याचा स्वयंपाक करून डबे फ्रीजरमध्ये लावता. तीन आठवड्यांत दोनदा पोट बिघडलं, आणि आई म्हणते शिळं खाणं बंद कर, मेस लाव. फ्रीजरचं जेवण मुळातच वाईट असतं का, असं तुम्ही विचारलंय.

नसतं. मी मनीष नगरला नऊ वर्षं एकटा राहतो आणि आजही आठवड्यातले चार दिवस फ्रीजरमधलंच जेवतो. पण तुमच्या पोस्टमध्ये दोन वाक्यं अशी आहेत की वाचून माझ्या पोटात गोळा आला. एक, "गंज (मोठं पातेलं) ओट्यावर झाकून ठेवते, सकाळी थंड झाल्यावर डबे भरते." आणि दुसरं, "गावी गेले तेव्हा मधे लाइन गेली होती म्हणे, पण आल्यावर डबे कडक होते."

डबे कोणते घ्यायचे, तारीख कशी लिहायची हे सोडून देतो, ते तुम्हाला येतंच.

दुसरं वाक्य आधी घेतो, कारण त्यानेच मला दवाखाना दाखवला. नोकरीचं दुसरं वर्ष, मे महिना. शनिवारी सकाळी वर्ध्याला बहिणीकडे गेलो, सोमवारी संध्याकाळी परतलो. फ्रीजरमध्ये वरण, बरबटीची (चवळीची) उसळ आणि डाळभाजीचे डबे आणि भाताच्या पिशव्या होत्या. शेजारच्या मुलाने सांगितलं, काका, लाइन गेली होती. मी वीज तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. दोनदा कट झाला, तिसऱ्यांदा एकाने उचलला. किती वेळ गेली होती विचारलं तर म्हणे, "तुमच्या भागात मोठा फॉल्ट नोंदवलेलाच नाही, पंधरा-वीस मिनिटं गेली असेल." मी विश्वास ठेवला. डबे दगडासारखे कडक होते, त्या रात्री वरण-भात गरम करून जेवलो.

पहाटे चारपासून उलट्या. दुपारी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी रिक्षात घालून नेलं, दोन दिवस सलाइन. तिथेच काकूंकडून कळलं की आमच्या रांगेच्या ट्रान्सफॉर्मरचं काहीतरी जळालं होतं आणि शनिवारी रात्री दहाला गेलेली लाइन रविवारी संध्याकाळी आली होती. डिस्चार्ज झाल्यावर वीज कंपनीच्या ऑफिसात प्रत्यक्ष गेलो. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवलं, शेवटी रजिस्टर बघायला अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिला, उत्तर आजतागायत नाही. नोंद नव्हती तर माणसाने "माहीत नाही" म्हणावं. अंदाजाने पंधरा-वीस मिनिटं सांगू नये. समोरचा त्या उत्तरावर काय ठरवणार आहे, याची त्यांना काहीच पडलेली नसते. याचा राग मला अजून आहे.

पण खरी चूक माझीच होती. पुरावा माझ्या डोळ्यांसमोर होता. वरणाच्या डब्याचं झाकण सैल होतं, त्यातून वरण सांडून फ्रीजरच्या तळाला पातळ पिवळा पापुद्रा होऊन गोठलं होतं. भाताच्या पिशव्या मी आडव्या, सपाट लावल्या होत्या. त्या एका कोपऱ्यात घसरून गोळा झालेल्या होत्या. गोठलेलं वरण सांडत नाही, गोठलेला भात घसरत नाही. म्हणजे सगळं पूर्ण वितळून, तासन् तास कोमट राहून पुन्हा गोठलं होतं. हे मी हाताने खरवडून पुसलं आणि तरी फोनवरच्या माणसाचं ऐकलं.

तेव्हापासून एक गोष्ट न चुकता करतो. फ्रीजरमध्ये स्टीलच्या वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवलेलं असतं. बाहेरगावाहून आलो की आधी वाटी बघतो. नाणं वर असेल तर ठीक. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर सगळे डबे टाकतो, वास न घेता, चव न बघता. वासावर जाऊ नका. माझ्या वरणाला काहीच वास नव्हता.

भरलेला चांगला फ्रीजर बंद दारात साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास, असं सांगतात. आपल्या एका दाराच्या फ्रीजमधल्या छोट्या कप्प्याला आणि मे महिन्यातल्या बंद खोलीला हा हिशोब लावू नका. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा (काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना फुगतं), थंडी जास्त टिकते. वितळलेल्या डब्यात अजून बर्फाचे खडे असतील तर पुन्हा गोठवता येतो, चव थोडी बिघडते एवढंच.

आता गंजाचं. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. आत जाताना जे होतं तेच बाहेर येतं. साधारण ५ ते ६० अंशांमध्ये ते भराभर वाढतात. शिजवलेलं दोन तासांत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी ४५ आणि रात्री दहालाही स्वयंपाकघर तापलेलं. पाच लिटरचा झाकलेला गंज पहाटेपर्यंत मधोमध कोमटच असतो. भाताचं तर आणखी वाईट. त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, आणि भात बाहेर राहिला की ते जे विष तयार करतात ते पुन्हा उकळूनही जात नाही. हे मला डॉक्टरांनी सलाइन लावताना सांगितलं. मी स्वतः डॉक्टर नाही. ताप असेल, दिवसभर जुलाब थांबत नसतील तर कृपा करून इथे विचारत बसू नका, दाखवून या.

थंड पाण्यात गंज ठेवा असं सगळे सांगतात. नागपुरात मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून नळाला येणारं पाणी अंघोळीलाही सोसत नाही, त्यात गंज काय थंड होणार? मी असं करतो: वरण-उसळ परातीत दोन बोटं उंचीपर्यंत पसरतो, परात कूलरसमोर, खाली दुसऱ्या ताटात माठाचं पाणी, आणि शनिवारी गोठवलेल्या दोन बाटल्या त्या पाण्यात. अर्ध्या तासात हात लावण्याजोगं होतं. मग लगेच एक-एक जेवणाचे चपटे डबे भरून फ्रीजमध्ये, आणि तिथे गार झाले की फ्रीजरमध्ये. कूलरसमोर उघडं ठेवायचं म्हणून वर मलमलचं फडकं टाका. आणि रविवारी चार पदार्थ करू नका, दोनच करा. ओटा लहान असतो, चौथा पदार्थ होईपर्यंत पहिला दोन तास तसाच पडलेला असतो.

काय गोठवावं यावर माझं मत ठाम आहे, कुणाला पटलं नाही तरी चालेल. वरण, राजमा, बरबटी, डाळभाजी उत्तम. बटाटा भुसभुशीत होतो, भेंडी चिकट होते, दह्याचं काहीही फाटतं. भाकरी ताजीच करा. पोळ्या दोन्ही बाजूंनी अर्धवट शेकून, मधे कागद घालून गोठवल्या की थेट तव्यावर टाकता येतात. सांबार (कोथिंबीर) आणि लिंबू खाताना वरून घ्या, सगळा शिळेपणा जातो. गोठलेला डबा वितळवायचा तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर नाही.

आणि डिसेंबर-जानेवारीत कॉटन मार्केटला ओल्या तुरीच्या शेंगा येतील तेव्हा दोन-तीन किलो घ्याच. सोले काढून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात, कोरडे करून गोठवा. उन्हाळ्यात एकटं असताना सोलेभात खाल्ला की घर आठवतं, आणि मेसच्या तर्रीपेक्षा तेल कितीतरी कमी. मेसला माझा विरोध नाही, पण रोज बटाटा आणि वर तेलाचा थर हे मी चार महिने खाल्लंय, माझी साखर तेव्हाच वाढली. आईंना हे पटेल का माहीत नाही. ताजं खा हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे, पण तुम्ही रात्री नऊला घरी पोचता तेव्हा ताजं म्हणजे बहुतेक वेळा पोहे किंवा मॅगी.

गावी गेलात त्या आठवड्यातले राजम्याचे दोन आणि भाताचा एक असे तीन डबे उरलेत असं तुम्ही खाली कुणाला तरी लिहिलंय. जीव हळहळेल, रविवारचे तीन तास त्यात गेलेत. तरी ते आजच टाका.