सणाच्या गर्दीत सीमेवरची रक्ततपासणी

प्रश्न : आमच्या सोसायटीचे रखवालदार पश्चिम नेपाळचे आहेत. गेल्या वर्षी दशैंसाठी (नेपाळचा दसरा) गावी जाताना सीमा ओलांडताच त्यांचे बोट टोचून मलेरियासाठी रक्त तपासण्यात आले. ताप नसताना थांबवल्याचा त्यांना राग आला, शिवाय बरेच लोक तपासणी न करताच पुढे गेले, असे ते सांगतात. अशा तपासणीने रोग थांबतो का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, थांबत नाही, आणि तो तिथेच थांबावा अशी अपेक्षाही कोणी जाणता अधिकारी ठेवत नाही. भारत-नेपाळ सीमा सुमारे १,७५० किलोमीटरची आहे आणि १९५० च्या करारापासून दोन्ही देशांचे नागरिक पासपोर्ट-व्हिसाशिवाय ये-जा करतात. भारताच्या बाजूच्या बनबसा किंवा गौरीफंट्यासारख्या मोठ्या नाक्यांपलीकडे आरोग्य कक्ष उभारता येतात, शेतांतून जाणाऱ्या पायवाटांवर मात्र ते शक्य नसते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनेही (२००५) हा फरक मान्य केला आहे : ठरावीक विमानतळ आणि बंदरांवर आरोग्यव्यवस्था ठेवणे देशांवर बंधनकारक आहे, तर भूसीमेवरील नाक्यांबाबत तो निर्णय देशांवर सोडला आहे.

मुख्य अडचण रोगाच्या वेळापत्रकात आहे. फाल्सिपेरम या प्रकारच्या मलेरियाचा डास चावल्यापासून ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, आणि मुंबईहून रेल्वे व बसने सीमेपर्यंतचा प्रवास दोन-तीन दिवसांत उरकतो. म्हणजे निघण्याच्या आठवड्यात लागण झालेला माणूस ठणठणीत अवस्थेत नाका ओलांडतो. ताप मोजणारे यंत्र त्याला पकडू शकत नाही आणि रक्तात परजीवी पुरेसे नसतील तर चाचणीची पट्टीही निर्दोषच दिसते. व्हायवॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या मलेरियाचे परजीवी तर यकृतात काही महिने सुप्त राहू शकतात, तिथे रक्ताची चाचणी पोहोचतच नाही. त्यातच पट्टीचा निकाल यायला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि डोंगराकडची बस तेवढी थांबत नाही. तुमच्या रखवालदारांचा राग समजण्यासारखा आहे, पण लागण झालेला माणूसही ठणठणीत दिसू शकतो, हेच ताप नसलेल्यांची तपासणी करण्यामागचे कारण आहे.

तरीही ती तपासणी करावी, असे माझे मत आहे. दशैं आश्विनात येतो, म्हणजे आपल्याकडील पावसाळी मलेरियाचा हंगाम संपत असतानाच हजारो कामगार एकाच वेळी घरी परततात. नेपाळमधील मलेरियाच्या रुग्णांपैकी बहुसंख्य बाहेरून लागण होऊन आलेले असतात, प्रामुख्याने भारतातून. मुंबईत हा रोग पसरवणारा डास इमारतींच्या उघड्या टाक्यांत आणि बांधकामावर साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि रात्रपाळीचा रखवालदार नेमका तिथेच बसलेला असतो. तेव्हा ‘परदेशी मजूर रोग आणतात’ हा आपल्याकडचा आवडता समज इथे उलटा लागू पडतो, हे सोसायटीच्या बैठकीत एकदा बोलून दाखवायला हरकत नाही.

कक्षाची खरी किंमत नोंदवहीत आहे. नाव, गाव, आपण कुठून आलो आणि संपर्क क्रमांक एवढी माहिती त्याच दिवशी त्या गावच्या आरोग्य केंद्राकडे गेली, तर पुढच्या पंधरवड्यात कोणाला ताप आला का, हे पाहता येते. चीनने रुग्णाची नोंद एका दिवसात, चौकशी तीन दिवसांत आणि परिसरातील उपाययोजना सात दिवसांत, हा शिरस्ता पाळला आणि २०२१ मध्ये मलेरियामुक्त देशाचे प्रमाणपत्र मिळवले. नोंद वहीतच राहिली, तर मात्र टोचलेले बोट वाया गेले.

प्रश्न : आम्ही रहिवाशांनी काय करावे?
– त्याच वाचकाचा दुसरा प्रश्न

उत्तर : टाक्यांची झाकणे घट्ट बसवावीत आणि रखवालदारांना मच्छरदाणी द्यावी. निघण्यापूर्वी ताप असेल तर रक्ततपासणी इथेच करून घ्यावी. व्हायवॅक्स निघाल्यास डॉक्टर सहसा यकृतातील सुप्त परजीवी मारणारे प्रायमाक्विन हे औषध चौदा दिवसांसाठी देतात. ताप दोन-तीन दिवसांत उतरला म्हणून ते अर्धवट सोडू नये. गावी ताप आलाच, तर ‘मी मुंबईकडून आलो’ हे डॉक्टरांना आधी सांगावे, कारण डोंगरातल्या दवाखान्यात मलेरियाची शंका लगेच येईलच असे नाही.