फ्रिंजला मराठीत काय म्हणायचं: सीमांत, दशा की मुक्तद्वार?

प्रश्न असा आलाय की एका लेखात 'ओपन ॲक्सेस फ्रिंज फेस्टिव्हल'चं (म्हणजे ज्यात कुणीही कलाकार, कुणी न निवडता, येऊन प्रयोग करू शकतो असा महोत्सव) मराठी 'मुक्त प्रवेश सीमांत कला महोत्सव' असं केलंय, ते बरोबर आहे का आणि दुसरा काही शब्द सुचतो का.

मला विचाराल तर वाचणारा दोनदा फसतो. 'मुक्त प्रवेश' वाचला की आपल्याला वाटतं तिकीट नाही, या बसा. इथे भानगड उलटी आहे, तिकीट बहुतेक ठिकाणी असतंच, दार उघडं आहे ते प्रेक्षकाला नाही तर कलाकाराला. निवडसमिती नाही, परीक्षक नाहीत, कुणाला संहिता वाचून दाखवायची नाही, नोंदणीची फी भरा, जागा मिळवा आणि करा प्रयोग. आणि 'सीमांत' म्हटलं की मला तरी आधी सीमांत शेतकरी आठवतो, म्हणजे कुणीतरी बिचारा, ज्याला काठावर ढकललंय. फ्रिंजवाले ढकललेले नव्हते हो, न बोलावता आले होते.

1947 साली स्कॉटलंडमधल्या एडिनबरात (एडिनबर्ग नव्हे, लिहितात तसं म्हणायचं नाही) मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला तेव्हा आठ नाटक मंडळ्या आमंत्रण नसताना हजर झाल्या आणि मिळेल तिथे प्रयोग लावले, त्यातला एक तर डनफर्मलिनच्या ॲबीत (जुन्या मठाच्या चर्चमध्ये), म्हणजे एडिनबराच्या बाहेरच. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प नावाच्या नाटककार-पत्रकाराने तिथल्या पेपरात लिहिलं की अधिकृत महोत्सवाच्या 'फ्रिंज'वर बरंच खाजगी काम चाललंय. झालं, ते नाव चिकटलं. 1958 ला त्यांची सोसायटी झाली, पण ती कार्यक्रम निवडायला नाही, माहितीपत्रक आणि तिकिटं सांभाळायला. मजा म्हणजे 1960 ला मूळ महोत्सवानेच एक विनोदी कार्यक्रम लावला आणि त्याचं नाव ठेवलं 'बियॉन्ड द फ्रिंज', म्हणजे काठाच्याही पलीकडचा, आणि तो आतल्यांनीच केलेला!

आता मूळ शब्द कापडाचा आहे. झालर, किनार, काठ हे सगळे जवळचे, पण झालर मुद्दाम लावतात, शोभेची असते. पंच्याच्या नाहीतर शालीच्या टोकाला जे सुटे धागे लोंबतात, ज्यांना आपण दशा म्हणतो (एक असेल तर दशी), फ्रिंज म्हणजे अगदी तेच. शब्द इतका चपखल आहे की वाईट वाटतं, कारण 'दशा महोत्सव' लिहिलं तर लोक विचारणार, काय दशा झाली कलेची?

पदर पण चालला असता. आणि पदरमोड तर चालतेच, कारण फ्रिंजला कुणी सुपारी (ठरलेलं मानधन) देत नाही, जागेचं भाडं, राहणं-खाणं, पत्रकं छापून रस्त्यात वाटणं सगळं कलाकाराच्या खिशातून, आणि बरेच जण तोट्यात परत जातात. 1996 पासून एडिनबरात 'फ्री फ्रिंज' पण आहे, त्यात शो संपल्यावर बादली किंवा टोपी फिरते, आपल्याकडे कीर्तनात आरतीचं ताट फिरतं तसं.

फ्रेंचांनी भाषांतराच्या नादी न लागता सरळ 'ऑफ' घेतलं, ॲव्हिन्यॉनला मुख्य महोत्सव 'इन' आणि 1966 पासूनचा हा 'ऑफ', न्यूयॉर्कच्या ऑफ-ब्रॉडवे (मुख्य नाट्यगृहांबाहेरच्या) नाटकांमधला. कॅनडात एडमंटनला 1982 पासून फ्रिंज आहे, पण तिथे जागा मोजक्या म्हणून चिठ्ठ्या टाकतात. तेही निवड नव्हेच, नशीब आहे, आणि तिकिटाचे ठरलेले पैसे कलाकारालाच मिळतात. म्हणून 'सर्वांना प्रवेश' असंही सरसकट लिहू नये.

कुणीतरी 'प्रायोगिक' सुचवलंय. नको. प्रायोगिक हे नाटकाच्या जातीचं नाव आहे, दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जे व्हायचं ते प्रायोगिक. फ्रिंजमध्ये जादूगारही येतो आणि शाळेचं गॅदरिंग वाटावं असं नाटकही. एकांकिका स्पर्धांशी पण तुलना नको, तिथे प्राथमिक फेरीतच गाळतात.

माझं मत, फ्रिंज हा शब्द ठेवा आणि 'ओपन ॲक्सेस'ला 'मुक्तद्वार' म्हणा. येईल त्याला पंगतीत बसवायचं, जात-गोत विचारायचं नाही, याला आपल्याकडे मुक्तद्वार म्हणतातच, फक्त इथे पंगतीऐवजी रंगमंच. लिंगाचा घोळ राहतो, काही जण 'फ्रिंज सुरू झाला' म्हणतात महोत्सव धरून, मी किनार-झालरीच्या ओढीने 'झाली' म्हणते. तुमच्या लेखातलं वाक्य मी असं केलं असतं: 'एडिनबराची फ्रिंज मुक्तद्वार आहे, तिकडे कलाकाराला कुणी निवडत नाही, पण तुम्हाला बहुतेक ठिकाणी तिकीट काढावं लागेल.'