निकाल १९५४ चा, अंमल केव्हाचा?

प्रश्न : अमेरिकेतील सरकारी शाळांमधला वर्णभेद १९५४ च्या निकालाने संपला, असे आमच्या टिपणांत आहे, पण १९५७ साली नऊ विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचवायला सैन्य आणावे लागले, असेही त्यातच आहे. मग तो संपला केव्हा? आपल्याकडच्या वेगवेगळ्या मराठी व कन्नड शाळांशी त्याची तुलना करता येईल का?
– एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : टिपणांतली दोन्ही विधाने खरी आहेत, फक्त ‘संपला’ हे क्रियापद घाईचे आहे. १७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या आणि १८९६ पासून चालत आलेले ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व शिक्षणापुरते मोडीत काढले. मात्र १९५५ च्या पुढील आदेशात अंमलबजावणीची मुदतच घातली नाही, आणि दक्षिणेकडील राज्यांनी ही पळवाट पुरेपूर वापरली. तुम्ही म्हणता त्या १९५७ साली आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक शहरात राज्यपाल ऑर्व्हल फॉबस यांनी नऊ कृष्णवर्णीय मुलांची वाट अडवली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर धाडावे लागले.

याहून बोलके उदाहरण व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड काउंटीचे (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाचे) आहे. तिथे १९५१ साली बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी संप केला, कारण इमारतीत जागा पुरेना म्हणून त्यांचे वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत भरत. त्यांचा खटला पुढे ‘ब्राउन’मध्येच समाविष्ट झाला. न्यायालयाने एकत्र शाळांचा आदेश दिल्यावर काउंटीने १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांनाच टाळे ठोकले, ते १९६४ पर्यंत! गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी अनेकांची ही वर्षे वायाच गेली.

खरी हालचाल झाली ती पैशाला हात लागल्यावर. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने भेदभाव करणाऱ्या संस्थांचा केंद्रीय निधी रोखण्याची सोय केली. १९६८ च्या ‘ग्रीन’ खटल्यातील काउंटीत दोनच शाळा होत्या. हवी ती शाळा निवडण्याची मुभा देऊन तीन वर्षे झाली, तरी एकही गोरे मूल कृष्णवर्णीयांच्या शाळेत गेले नव्हते, आणि ८५ टक्के कृष्णवर्णीय मुले जुन्याच शाळेत होती. म्हणून दुहेरी व्यवस्था मोडण्याची जबाबदारी शाळा मंडळाचीच, असे न्यायालयाने बजावले. त्यानंतरच दक्षिणेतले चित्र झपाट्याने पालटले.

तुलनेविषयी मात्र सावध राहा. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की आवाज चढतो, हे सांगायला नको. पण मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय राज्यघटनेच्या कलम ३५०-अ ला अभिप्रेत आहे आणि माध्यम पालक निवडतात. अमेरिकेत मुलाचा वर्ण पाहून कायदाच शाळा ठरवीत होता. खरी तुलना हवी असेल, तर ती तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे : राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला होता. तो हुकूम गावोगावच्या वर्गांत कितपत पाळला गेला, हा प्रकल्पासाठी उत्तम विषय होईल.